नवी सिल, कोरं फेंडर आणि न जुळणारं दार (रिप्रॉडक्शन पार्टचं फिटिंग)

दोनदारी

नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर (एमजीची ब्रिटिश, बिनछताची स्पोर्ट्स कार), १९७१ चं मॉडेल, क्रोम बंपरवाली. माझ्याकडे आली तीच अर्धवट काम झालेल्या अवस्थेत. आधीच्या मालकाने दोन्ही सिल (दाराखालचे लांब पोकळ पत्र्याचे भाग) कापून नव्या घातल्या आहेत. उजवी पूर्ण वेल्ड आहे, डावी अजून नुसती टॅकवर (तात्पुरत्या वेल्डच्या ठिपक्यांवर) आहे. सोबत एक कोरं डावं फ्रंट फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) मिळालं. ते रिप्रॉडक्शन (मूळ नव्हे, नव्याने बनवलेलं) आहे, काळ्या प्रायमरमध्ये, कधीच न बसवलेलं.

डावीकडे दाराची मागची गॅप वरच्या टोकाला जेमतेम २ मिमी आणि खाली ७ मिमी आहे. फेंडर लावून पाहिलं तर त्याची मागची कड दाराच्या कडेशी समांतर येत नाही. बाजूने जाणारी रेघ, जिच्यावर क्रोमची पट्टी बसते, ती दारावरच्या रेघेपेक्षा साधारण ३ मिमी खाली उतरते. वरच्या रांगेतल्या बोल्टची दोन भोकं नटसमोर येतच नाहीत.

फेंडर वाईट आहे असं समजून दुसरं मागवावं, की आहे त्याच्यावरच कानस चालवावी? जुनं फेंडर खालून कुजलंय, पण वरची अर्धी बाजू शाबूत आहे.

ओळंबा

फेंडर काढून बाजूला ठेवा आणि तूर्तास विसरून जा. एमजीबीत मागचं फेंडर बॉडीला वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून सगळी मापं मागून पुढे घ्यायची. आधी दार मागच्या फेंडरशी जुळवायचं, मग सिल दाराशी, त्यानंतर पुढचं फेंडर दाराशी, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी. पुढच्या फेंडरपासून सुरुवात केली की एकाची चूक दुसऱ्यावर ढकलत जावं लागतं आणि शेवटी बॉनेट बंद होत नाही.

वर २ आणि खाली ७ या आकड्यांची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात.

पहिलं कारण म्हणजे बिजागरीची पिन झिजणं. दार मागच्या बाजूला खाली लोंबतं, त्यामुळे दाराचा वरचा मागचा कोपरा मागे सरकतो आणि तिथली गॅप मिटते. पण मग दाराच्या पुढच्या कडेलाही वरच्या बाजूला गॅप उघडलेली दिसायला हवी.

दुसरं, बॉडी मधोमध बसणं. रोडस्टरला छत नाही, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधला सगळा भार सिलवर असतो. सिल कापली आणि आत आडवे-तिरपे टेकू दिलेले नसले की मधला भाग खाली झुकतो आणि दाराची चौकट वरून आवळली जाते. इथे दार पुढच्या खांबाबरोबरच वळतं, म्हणून पुढची गॅप बदलत नाही, फक्त मागची बिघडते.

तेव्हा फेंडर काढलेलं असतानाच दाराच्या पुढच्या कडेपासून खांबापर्यंत वर-खाली माप घ्या. दार अर्धवट उघडून मागच्या कडेला धरून वर उचला, खुळखुळ लागते का पाहा. मग दोन्ही बाजूंच्या चौकटींचे कर्ण मोजा, वरचा पुढचा कोपरा ते खालचा मागचा आणि त्याच्या उलट. डावी-उजवी तुलना करा. आणि हे सगळं करताना गाडी कशावर उभी आहे तेही लिहा.

दोनदारी

गाडी चार स्टँडवर आहे. दोन पुढे सस्पेन्शनजवळ, दोन मागे स्प्रिंगच्या पुढच्या टोकाशी. इंजिन-गिअरबॉक्स आत नाहीत. बाकीची मापं घेऊन लिहितो.

पत्रेकाम

ओळंबांशी सहमत. ते मोजमाप होईपर्यंत थोडं फेंडरविषयी लिहितो, कारण 'रिप्रॉडक्शन म्हणजे टाकाऊ' हे वाक्य मला पटत नाही आणि 'नवं आहे म्हणजे बसणारच' हेही नाही.

नव्याने बनवलेला पॅनेल तीन वाटांनी येतो. पहिली वाट मूळ कारखान्याच्या डायची, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याची. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये अशा मूळ टूलिंगवरून एमजीबीची अख्खी बॉडी शेल पुन्हा बाजारात आणली. या वाटेचे पॅनेल सर्वांत जवळ बसतात, तरी डाय वर्षानुवर्षं चालून झिजलेली असते. कोपऱ्यांची धार बोथट होते, रेघा मऊ येतात. दुसरी वाट नव्याने बनवलेल्या डायची. कमी नग काढायचे असले की कठीण पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची मऊ डाय करतात. पत्रा दाबल्यावर तो थोडा परत उसळतो. कारखान्यात ही उसळी चाचण्या घेऊन डायमध्ये भरून काढलेली असायची, थोड्या नगांसाठी तेवढा खर्च कोणी करत नाही. त्यामुळे फेंडरचा फुगवटा किंचित सपाट येतो आणि कडा बाहेर फाकतात. तिसरी वाट म्हणजे एखादा जुना पॅनेल पुढे ठेवून त्यावरून आकार उचलणं. तो नमुना कधीकाळी ठोकरलेल्या गाडीचा असेल तर ती ठोकर प्रत्येक नव्या नगात उतरते.

तिन्हींत एक गोष्ट सारखी. कडेचे फ्लँज (दुमडलेल्या पट्ट्या) आणि भोकं शेवटच्या वेगळ्या टप्प्यात होतात, बरेचदा हाताने. म्हणून मुख्य आकार चांगला आणि भोकं चुकलेली, असं वरचेवर दिसतं. तुमची दोन भोकं नटसमोर येत नाहीत यावरून फेंडर नापास करू नका. आकार पाहा. जुन्या फेंडरची वरची अर्धी बाजू शाबूत आहे म्हणता, तर पुठ्ठ्याचे आडवे छेद कापा, चाकाच्या कमानीवर एक, दाराजवळ एक, हेडलाइटमागे एक, आणि तेच नव्यावर ठेवून पाहा. फट कुठे पडते ते तासाभरात कळेल.

आणि कृपा करून जुनं फेंडर भंगारात देऊ नका. गाडी रंगून रस्त्यावर येईपर्यंत तो तुमचा एकमेव खरा नकाशा आहे.

मागची_सीट

मला हे समजत नाही. पैसे मोजून नवा पार्ट घ्यायचा आणि पुन्हा आपणच पुठ्ठे कापत बसायचं? बसत नसेल तर परत पाठवावा. ग्राहक गप्प बसतात म्हणून बनवणारे सुधारत नाहीत.

पत्रेकाम

परत पाठवण्याच्या बाजूनेच मी आहे, पण त्यासाठी दोष पार्टमध्येच आहे हे आधी ठरायला हवं. झुकलेल्या बॉडीवर मूळ कारखान्याचं फेंडर आणून लावलं तरी ते बसणार नाही. दुसरं, विक्रेते साधारणपणे कापलेला, घासलेला, भोक वाढवलेला किंवा रंगवलेला पॅनेल परत घेत नाहीत. म्हणून पार्ट हातात आला की त्याच आठवड्यात कोरा असतानाच लावून पाहायचा, फोटो काढायचे, माप लिहायचं. पुष्कळ लोक पार्ट स्वस्तात मिळाला म्हणून घेतात, माळ्यावर ठेवतात आणि दोन वर्षांनी उघडतात. तेव्हा तक्रार करायला जागा उरत नाही.

मूळ गाड्याही कारखान्यात आपोआप जुळत नव्हत्या. तिथे शेवटच्या रांगेत लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन उभे असलेले लोक दारं वाकवून बसवायचे, सांध्यांत शिसं भरून कानस मारायचे. जॅग्वारच्या ई-टाइपचं बॉनेट घ्या. ते अनेक तुकडे बोल्टने जोडून बनतं आणि त्या त्या गाडीवर बसवून जुळवलेलं असायचं. एका ई-टाइपचं बॉनेट काढून दुसरीवर ठेवलं तर मूळचं असूनही कडा जुळतील याची खात्री नाही. नवा पॅनेल घेताना तुम्हाला फक्त पत्रा मिळतो, ते शेवटच्या रांगेतलं काम मिळत नाही. ते तुम्हाला किंवा तुमच्या डेंटरला करायचंच आहे.

आटेपाटे

वरच्या रांगेतल्या बोल्टविषयी एक विचारतो. बोल्ट जुनेच आहेत की नवा संच आणलाय? एमजीबीच्या बॉडीवर यूएनएफ, म्हणजे इंची बारीक आटे असतात. पाव इंची बोल्ट ६.३५ मिमीचा, त्याच्या जागी ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट घातला तर तो आत जातो, सैल बसतो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. पत्र्याच्या बाबतीत फार तर एक नट जाईल. ब्रेकच्या पाइपला हाच प्रकार झाला तर जिवावर बेतेल.

हे नीट लिहितो, कारण नवे ब्रेक पाइप आणि सिलिंडर सर्रास मिसळून विकले जातात. इंची गाड्यांत बहुतेक ठिकाणी ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांची युनियन (पाइप जोडणारा आटेदार नट) असते. तिचा व्यास ९.५२५ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.०५८ मिमी. मेट्रिक युनियन १० मिमीची, पिच १ मिमी. दोन्ही इतकी जवळ आहेत की इंची युनियन मेट्रिक भोकात सहज फिरते, शेवटी आवळल्यासारखीही लागते, पण आट्यांना पकड जवळजवळ नसते. पेडल जोरात दाबल्यावर ती सुटू शकते. शिवाय पाइपच्या टोकाचा फ्लेअर दोन प्रकारचा येतो, आत दुमडलेला दुहेरी आणि बाहेर फुगवलेला गोल. एकाच्या बैठकीत दुसरा बसवला तर गळतो. नवा सिलिंडर हातात आला की आधी पिच गेज लावा, आत टॉर्च मारून बैठक पाहा, मगच पाइप जोडा.

अवांतर : एमजीच्या टी मालिकेत, टीसी किंवा टीडीमध्ये, जे १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन आहे त्याचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची. त्यातही ८ मिमीच्या बोल्टला पिच १ मिमी आहे. आज दुकानात ८ मिमीचा म्हणून जो मिळतो त्याला १.२५ असते. 'मेट्रिक आहे ना, मग चालेल' म्हणून तो घातला की ब्लॉकमधले आटे गेले.

दोनदारी

मापं घेतली.

दार उचलून पाहिलं, खुळखुळ अजिबात नाही. पुढच्या कडेपासून खांबापर्यंतचं अंतर वर-खाली सारखंच आहे. डावीकडे वरच्या मागच्या कोपऱ्यापासून खालच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण उजवीपेक्षा ४ मिमी कमी भरतो, दुसरा कर्ण तेवढाच जास्त. उजव्या दाराची गॅप वर ४, खाली ५ आहे.

बोल्ट नवे आणि यूएनएफच आहेत, तपासले. ब्रेकविषयीची माहिती लिहून ठेवली आहे, ते काम पुढे यायचंय.

ओळंबा

म्हणजे बिजागरी निर्दोष आहे आणि डावी बाजू झुकलेल्या अवस्थेतच टॅक झालेली आहे. यात चांगली बातमी ही की ती अजून टॅकवर आहे. पूर्ण वेल्ड झाली असती तर प्रत्येक स्पॉट ड्रिल करून सोडवावा लागला असता.

मी असं करेन. दार लावलेलंच ठेवा, रबर आणि लॅच काढा. चौकटीत वर एक आडवा टेकू घाला, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, ज्याच्या मधे दोन्हीकडे फिरणारा स्क्रू आहे असा. स्क्रू फिरवला की चौकट वरून उघडता किंवा आवळता येते. मग बाहेरच्या सिलचे टॅक कापा. सिलखालच्या आडव्या पेटीसारख्या भागाखाली लांब लाकडी तुळई ठेवून गाडीच्या मध्यावर हलकेच जॅक लावा. पत्र्याला खळगा पडेल इतका जोर नको, नुसता आधार हवा. स्क्रू पाव फेरा, मग जॅक किंचित, मग दार लावून माप, असं चालू द्या. मागची गॅप वर-खाली समान झाली की थांबा. साधारण ४ ते ५ मिमी ठेवा. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात हे लक्षात असू द्या.

एक धोका सांगतो. उलट दिशेने जास्त जाऊ नका. इंजिन आत आलं की पुढचा भाग जड होईल आणि गाडी चाकांवर उतरल्यावर मधला भाग पुन्हा थोडासा बसेल. म्हणून वरची गॅप खालच्यापेक्षा अर्धा मिमी मोकळी ठेवलेली बरी. टॅक मारल्यावर दार उघडून-मिटून पाहा, पूर्ण वेल्डिंग करताना लांब रेघ ओढू नका. एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, हात लावता येईल इतकं निवलं की पुढचा. उष्णतेने आवळलेली सिल तुमचं सगळं माप पुन्हा बिघडवू शकते.

उजवी बाजू ४-५ आहे, तिला हात लावू नका.

रबरबीडिंग

दाराच्या गॅपचा विषय निघालाच आहे तर रबरचं लिहू द्या, कारण हे सगळं जुळवल्यावर नवं रबर लावताच दार पुन्हा बाहेर येतं आणि माणूस हताश होतो.

मूळ दाराचं रबर स्पंजासारखं, आत हवेच्या पेशी असलेलं असायचं. बाजारातलं बरंच नवं रबर दिसायला तसंच, पण घट्ट असतं, दाबलं जात नाही. लॅच पहिल्या दातावर अडकतं, दुसऱ्यावर जात नाही. लोक मग स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकतं तो भाग) बाहेर सरकवतात किंवा दार वाकवतात. तसं करू नका. रबरचा वीतभर तुकडा दोन बोटांत दाबून पाहा. निम्म्यावर येत नसेल तर परत करा. दुकानात एकाच आकाराची दोन-तीन प्रकारची रबरं असतात, नमुने मागवून लावून पाहणं हाच उपाय. आणि रंगाआधीच एकदा रबर लावून दार मिटून पाहा.

साच्यातून काढलेल्या रबराचं, म्हणजे कोपऱ्याचे तुकडे, ग्रोमेट, काचेच्या टोकाची रबरं यांचं दुखणं निराळं. जुनं रबर वयाने आक्रसतं. कोणी तेच नमुना धरून साचा बनवला तर साचाच लहान होतो, त्यात ओतलेलं रबर पक्कं होताना आणखी आक्रसतं. म्हणून नवा ग्रोमेट दोनदा लहान झालेला असतो. ताणून बसवला तर काही महिन्यांत कोपऱ्यावर फाटतो.

समोरची काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवताना उलट अडचण येते. तिथलं रबर जाड मिळालं तर चौकटीचे कोपरे बंद होत नाहीत. स्क्रूने ओढून कोपरा मिटवू नका. लॅमिनेटेड काच त्या क्षणी तडकत नाही, ताण घेऊन बसते आणि नंतर कधीतरी दार जोरात आपटल्यावर कोपऱ्यातून रेघ जाते.

ठिणगी

पत्रा आणि रबर याविषयी सगळे बोलतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. मला एका लहान पार्टविषयी सांगायचंय जो अगदी बरोबर बसतो आणि तरी रस्त्यात उभं करतो. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, आत फिरणारा रोटर.

अनेक नव्या रोटरमध्ये पितळी पट्टी प्लास्टिकला रिव्हेटने जोडलेली असते. रिव्हेट लांब असेल तर तिचं खालचं टोक आतल्या स्प्रिंगच्या क्लिपच्या अगदी जवळ येतं. ती क्लिप शाफ्टला टेकते, म्हणजे विजेचं अर्थिंगच. मधे उरतो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. गाडी गरम झाली की ठिणगी तिथूनच उतरते. इंजिन आधी अडखळतं, मग बंद पडतं. लोक कार्ब्युरेटर खोलतात, पेट्रोल पंप बदलतात. रिव्हेट नसलेला रोटर घ्या आणि डिकीत एक जादा ठेवा. कंडेन्सरही तसाच संशयित. नवा चालू असेल तर जुना चांगला फेकून देऊ नका, तोही सुटा म्हणून जपा.

पॉइंटची (ठिणगीसाठी उघडमीट होणाऱ्या विजेच्या संपर्कांची) टाच मऊ प्लास्टिकची असेल तर ती लवकर झिजते आणि गॅप मिटत जाते. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची असते. नवे पॉइंट घातल्यावर थोडी गाडी चालवून पुन्हा मोजा, आणि कॅमवर ग्रीसचा थेंब द्या.

मागची_सीट

पत्रेकाम, तुमचं म्हणणं पटलं, पण माझ्याकडच्या बीटलला हे लागू होत नाही. तिथे चारही फेंडर बोल्टचे, बॉडी सरळ, तरी नवं फेंडर बंपरच्या ब्रॅकेटपाशी जुळत नाही.

पत्रेकाम

कोणत्या सालची? बीटल बाहेरून वर्षानुवर्षं तीच दिसते, पण १९६८ च्या मॉडेलपासून बंपर आणि त्याची जागा बदलली. आधीच्या गाडीला नंतरचं फेंडर आलं की ब्रॅकेटचं भोक चुकीच्या ठिकाणी असणारच. पुष्कळ बनवणारे एकच फेंडर अनेक वर्षांच्या मॉडेलांना चालतं असं लिहितात. बोल्ट लागतात या अर्थी ते चालतं. तुमचा चेसिस नंबर घेऊन मूळ पार्ट-पुस्तकातला नंबर काढा आणि विक्रेत्याला तोच विचारा, 'बीटल, डावं पुढचं' एवढ्यावर मागवू नका. हे तुमचं परत पाठवण्याजोगं प्रकरण आहे.

दोनदारी

टॅक कापले. टेकू आणि तुळई लावून चौकट उघडली. आता मागची गॅप वर ५, खाली ४.५. दोन्ही कर्ण उजव्या बाजूशी जुळले. सिल पुन्हा टॅक केली आणि मग फेंडर लावून पाहिलं. वरची दोन्ही भोकं जवळजवळ समोर आली! रेघेचा फरक ३ वरून १ मिमीवर आलाय. पुठ्ठ्याने पाहिलं तर चाकाच्या कमानीचा आकार जुन्यासारखाच आहे, दाराजवळचा छेद मात्र थोडा सपाट. आता दाराशी गॅप वरून ४, मधे ६, खाली पुन्हा ४ आहे.

पत्रेकाम

छान. मग फेंडर चांगलं आहे, ठेवा. दाराजवळ सपाट असणं ही तीच पत्र्याची उसळी. बोल्ट आवळून ते ओढू नका, रंगावर कडेला केसासारख्या भेगा येतात. सगळे बोल्ट सैल लावा, दाराकडचे आधी हाताने, मग वरची रांग, सिलजवळचे शेवटी. भोकं एखादा मिमी लांबट करायला हरकत नाही, वर मोठा वायसर घाला. १ मिमीची रेघ एवढ्यातच बसेल असं वाटतं.

मधल्या ६ मिमीसाठी फेंडरच्या कडेवर वेल्डिंगने पातळ भर घाला. मागे तांब्याची पट्टी धरा, ठिपक्या-ठिपक्याने, आणि कानसने सरळ करा. दाराची कड मात्र घासू नका. ती दुमडलेली घडी आहे, घडी कापली गेली की बाहेरचा पत्रा सुटतो. आणि हे करताना बॉनेट वर ठेवूनच करा, नाहीतर फेंडर दाराशी जुळेल आणि बॉनेटपाशी फाकेल.

दोनदारी

बॉनेट आजच काढून ठेवलंय, परत लावतो. भर घालण्यासाठी ०.६ मिमीची वेल्डिंगची वायर चालेल की ०.८ हवी? पत्रा कॅलिपरवर ०.९ भरतोय.

पत्रेकाम

०.६ घ्या. कडेवर उष्णता निसटायला जागा नसते, ०.८ ने भोक पाडण्याची शक्यता जास्त. आधी जुन्या फेंडरच्या कुजलेल्या बाजूवर हात बसवून घ्या, पत्रा जवळपास त्याच जाडीचा आहे.